दोन मोटरींच्या विमानात थ्रस्टच्या फरकाने यॉ नियंत्रण कसे बसवावे

शेताच्या बांधाशी ट्रॅक्टर वळवताना चालक नुसते स्टिअरिंग फिरवत नाही. ज्या अंगाला वळायचे त्या अंगाच्या मागच्या चाकाचा ब्रेक तो पायाने दाबतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरल्यासारखा वळतो. डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक पेडल दिलेले असतात ते त्यासाठीच. पंखांवर दोन विद्युत मोटरी असलेल्या विमानात हेच काम प्रोपेलरच्या थ्रस्टमधील, म्हणजे विमान पुढे ओढणाऱ्या जोरातील, फरकाने करता येते. डाव्या मोटरीचा थ्रस्ट वाढवला आणि उजव्या मोटरीचा कमी केला, की विमानाचे नाक उजवीकडे वळते. नाकाच्या या डाव्या-उजव्या वळण्यालाच यॉ म्हणतात. मात्र ट्रॅक्टर उभा असेल, तर एका बाजूचा ब्रेक कितीही दाबला तरी काही वळत नाही. त्याचप्रमाणे थ्रॉटल, म्हणजे मोटरींना किती जोर द्यायचा ते ठरवणारी स्टिक, शून्यावर असताना एखाद्या मोटरीतून वजा करण्यासारखे काही उरलेले नसते, आणि थ्रॉटल पूर्ण असताना दुसरीत भर घालायला जागा नसते. थ्रस्टचा फरक हा थ्रॉटलकडून उसना घ्यावा लागतो, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील ज्या विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी एका मोटरीचे रिमोटवरचे विमान उडवलेले आहे आणि ज्यांच्या मनात आता दोन मोटरींचे विमान आहे, त्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणासाठी एकच विमान घेतले आहे: पंखविस्तार 1.4 मीटर, वजन 1.3 किलो, 2212 आकाराच्या 1000 केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या) दोन मोटरी, 10×4.5 इंची प्रोपेलर, 30 अँपिअरचे दोन ईएससी (मोटरीचा वेग ठरवणारी नियंत्रके) आणि तीन सेलची 2200 एमएएच लिपो बॅटरी. प्रत्येक मोटर विमानाच्या मध्यरेषेपासून 23 सेंटिमीटरवर आहे.

रडर असताना हे कशासाठी?

एका मोटरीच्या विमानात नाकावरील प्रोपेलरने मागे फेकलेला हवेचा झोत थेट शेपटीवर जातो, त्यामुळे विमान जमिनीवर उभे असतानाही थ्रॉटल दिला की रडरला, म्हणजे उभ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीला, थोडा जीव येतो. मोटरी पंखांवर गेल्या की हा झोत शेपटीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि मधला रडर केवळ विमानाच्या पुढे जाण्याच्या वेगावर अवलंबून राहतो. रडरवर निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वरील विमानाची उभी शेपटी 0.02 चौरस मीटरची आणि गुरुत्वमध्यापासून 65 सेंटिमीटर मागे आहे असे धरले, तर सेकंदाला 16 मीटर वेगाने रडरपासून साधारण 0.7 न्यूटन-मीटर आघूर्ण (फिरवणारा जोर) मिळते. या विमानाचा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणे, ज्या वेगाच्या आसपास होतो, म्हणजे सेकंदाला 8 मीटर, त्या वेगाला ते 0.18 वर येते आणि धावपट्टीवर सेकंदाला 4 मीटरने धावताना 0.05 सुद्धा राहत नाही.

आता थ्रस्टचा हिशेब पाहू. दोन्ही मोटरी 400 ग्रॅम थ्रस्ट देत आहेत आणि आपण डावी 500 वर नेली, उजवी 300 वर आणली. फरक 200 ग्रॅम, म्हणजे 1.96 न्यूटन, त्याला 0.23 मीटरने गुणले की 0.45 न्यूटन-मीटर येते. हे आघूर्ण उभ्या विमानातही मिळते. किंबहुना प्रोपेलरचा थ्रस्ट विमान उभे असताना सर्वाधिक असतो आणि वेग वाढेल तसा घटत जातो, त्यामुळे रडर जिथे दुबळा तिथेच ही पद्धत सर्वांत जोरकस ठरते. धावपट्टीवरची सुरुवातीची धाव, आडव्या वाऱ्यातील टेकऑफ आणि हळू वेगातील घट्ट वळण या तीन ठिकाणी तिचा खरा उपयोग आहे. वेगाने उडताना रडर पुरेसा असतो, आणि इंजिन बंद करून तरंगत उतरताना तर रडरच उपयोगी पडतो. म्हणून रडर काढून टाकून केवळ मोटरींवर विसंबण्याचा मोह पहिल्या विमानात तरी टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

रडर नसलेली विमाने अर्थातच उडालेली आहेत. नासाचे हेलिऑस हे सौरऊर्जेवर चालणारे, सुमारे 75 मीटर पंखविस्ताराचे उडते पंखच होते. त्याला शेपटी नव्हती आणि 14 विद्युत मोटरींपैकी एका टोकाकडच्या मोटरींचा वेग वाढवून व दुसऱ्या टोकाकडच्यांचा कमी करून ते वळवले जाई. 13 ऑगस्ट 2001 रोजी ते 29,500 मीटरहून अधिक उंचीवर पोहोचले. पण इतक्या रुंद पंखावर टोकाकडच्या मोटरींना लांबच लांब भुजा, म्हणजे मध्यरेषेपासूनचे अंतर, मिळते. आपल्या 23 सेंटिमीटरांची गोष्ट वेगळी आहे.

बांधणी करताना

मोटरी मध्यरेषेपासून जितक्या दूर, तितका यॉ अधिक. परंतु एक मोटर बंद पडली तर विमान तितक्याच जोराने फिरते. दहा इंची प्रोपेलरची त्रिज्या 127 मिलिमीटर, विमानाच्या धडाची अर्धी रुंदी 45 मिलिमीटर आणि मध्ये किमान 25 मिलिमीटर मोकळी जागा धरली तर भुजा 20 सेंटिमीटरच्या खाली जाऊ शकत नाही. मी 23 वर थांबलो ते पंखातील कार्बन रॉडला मोटर माउंट बांधण्यासाठी तिथे सोयीची जागा होती म्हणून. त्यामागे फार मोठे शास्त्र नाही. माउंट तीन मिलिमीटर प्लायवूडचे किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही छोट्या कारखान्यात कापून मिळेल अशा ॲल्युमिनियमच्या पट्टीचे करावे. दोन्ही मोटरींचे अक्ष मध्यरेषेला समांतर आहेत की नाही, हे प्रोपेलर आडवे करून त्यांच्या टोकांपासून शेपटीपर्यंत दोरी ताणून तपासावे.

मोटरी एकमेकींच्या उलट दिशेने फिराव्यात. कोणत्या उलट, हेही महत्त्वाचे आहे. मागून पाहताना डावा प्रोपेलर घड्याळाच्या उलट आणि उजवा घड्याळाच्या दिशेने फिरवला, म्हणजे वरची पाती बाहेरच्या अंगाला जात असतील, तर डाव्या मोटरीचा वेग वाढवताच तिची प्रतिक्रिया विमानाला उजवीकडे कलवते आणि हे कलणे उजव्या वळणाला मदत करते. जोडीला डाव्या पंखावरून जाणारा झोत जोरदार झाल्याने तो पंख थोडा अधिक उचलला जातो, तेही त्याच दिशेने. उलट मांडणीत प्रतिक्रियेचे बल वळणाच्या विरुद्ध काम करते. विमान तरीही उडते, पण वळणात आंबल्यासारखे वाटते. दिशा बदलण्यासाठी मोटरीच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. प्रोपेलरही त्याच दिशेचा असावा आणि त्याची आकडे छापलेली बाजू पुढे असावी, हे सांगायला नको. तरी एकदा पाहावेच.

ईएससी पंखात मोटरीजवळ ठेवला तर बॅटरीकडील तारा लांबतात आणि त्या लांबीमुळे ईएससीच्या आतील कपॅसिटरवर ताण येतो. म्हणून ईएससी धडात ठेवून मोटरीकडील तीन तारा लांबवणे चांगले. दोन्ही ईएससींमधून रिसीव्हरला वीज जात असल्यास एकाची लाल तार कनेक्टरमधून काढून तिच्यावर टेप गुंडाळावी. दोन बीईसी, म्हणजे ईएससीतील रिसीव्हरला वीज देणारे भाग, एकमेकांना जोडून ठेवू नयेत.

आधी वजनकाटा, मग मिक्स

दोन मोटरी एकाच खोक्यातून निघाल्या म्हणून त्या सारख्या असतात असे समजू नये. थ्रस्ट मोजण्यासाठी फार खर्चिक साधन लागत नाही. दोन समान लांबीच्या लाकडी पट्ट्या काटकोनात जोडून एल आकाराची तरफ करावी आणि कोपऱ्यात खिळ्यावर ती फिरू द्यावी. उभ्या पट्टीच्या टोकाला मोटर बसवावी आणि आडव्या पट्टीचे टोक स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर टेकवून काटा शून्य करावा. दोन्ही भुजा सारख्या असल्याने मोटर जेवढा थ्रस्ट देईल तेवढेच ग्रॅम काट्यावर दिसतात. मोटर अशा बाजूला ओढेल हे पाहावे की टोक काट्यावर दाबले जाईल, उचलले जाणार नाही. थ्रॉटल 25, 50, 75 आणि 100 टक्के अशा चार ठिकाणी दोन्ही मोटरींचे आकडे वहीत लिहावेत आणि प्रत्येक मोजमापाआधी बॅटरीचा दाब सारखा आहे याची खात्री करावी, कारण भरलेल्या 12.6 व्होल्टवर आणि अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर मिळणारे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

माझ्या पहिल्या जोडीत 50 टक्क्यांवर डावीकडे 212 आणि उजवीकडे 188 ग्रॅम आले. चोवीस ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण 23 सेंटिमीटरच्या भुजेवर तो सतत थोडासा रडर दाबून धरल्यासारखाच असतो. दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी एकच प्रोपेलर आळीपाळीने दोन्ही मोटरींवर लावला. फरक तसाच राहिला, म्हणजे प्रोपेलर निर्दोष होता. मग ईएससींची अदलाबदल केली आणि फरकही बाजू बदलून पलीकडे गेला. दोन्ही ईएससींना थ्रॉटलची खालची-वरची मर्यादा एकाच ट्रान्समिटरवरून नव्याने शिकवल्यावर तो चार ग्रॅमवर आला. डीशॉट या डिजिटल पद्धतीने चालणाऱ्या ईएससींना हे शिकवावे लागत नाही. शक्य असल्यास तेच घ्यावेत, आणि दोन्ही एकाच बनावटीचे व एकाच फर्मवेअरचे असावेत.

आकड्यांबद्दल आणखी एक. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानक हवेपेक्षा साधारण 7 टक्के कमी असते. एप्रिलच्या दुपारी पारा 35 अंशांवर गेला तर ही घट 14-15 टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि तितक्याच फेऱ्यांना मिळणारा थ्रस्टही त्याच प्रमाणात घटतो. मोटरीच्या तक्त्यातील थ्रस्ट आपल्या काट्यावर दिसला नाही म्हणून विक्रेत्याशी भांडण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आता गणितातील एक सोपी पण निर्णायक बाब. थ्रस्ट हा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. समजा पूर्ण वेगाला एका मोटरीचा थ्रस्ट 780 ग्रॅम आहे. निम्म्या वेगावर असताना एक मोटर दहा टक्क्यांनी वर आणि दुसरी दहा टक्क्यांनी खाली नेली, तर 60 टक्के वेगाला 281 आणि 40 टक्के वेगाला 125 ग्रॅम, म्हणजे फरक 156 ग्रॅम. हाच बदल 80 टक्के वेगावर केला तर 632 आणि 382, म्हणजे फरक 250 ग्रॅम. स्टिक तेवढीच हलली, पण परिणाम दीडपटीहून अधिक झाला. आणि 25 टक्के वेगावर तोच फरक केवळ 78 ग्रॅम राहतो. ज्यांचे विमान चढताना चपळ आणि उतरताना सुस्त वाटते, त्यांचे उत्तर बहुधा या तीन आकड्यांत असते.

ट्रान्समिटरवरील मांडणी

एज-टीएक्स किंवा ओपन-टीएक्स ही सॉफ्टवेअर चालणाऱ्या ट्रान्समिटरवर डाव्या मोटरीला एक चॅनल आणि उजवीला दुसरे चॅनल द्यावे. पहिल्या चॅनलमध्ये थ्रॉटलची ओळ आणि तिच्याखाली रडरची अधिक 20 वजनाची (वजन म्हणजे त्या स्टिकचा प्रभाव किती धरायचा ते प्रमाण) ओळ घालावी. दुसऱ्यात तीच थ्रॉटलची ओळ आणि रडरची वजा 20 ची ओळ. चॅनलची मोजपट्टी वजा 100 ते अधिक 100 अशी एकूण 200 घरांची असते, म्हणून इथले 20 म्हणजे थ्रॉटलचे 10 टक्केच होतात. हे न कळल्यामुळे अनेकजण पहिल्याच दिवशी दुप्पट आकडा टाकून बसतात. थ्रॉटल आणि रडर यांच्या या मिश्रणालाच मिक्स म्हणतात. रडरचे सर्व्हो (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरीचे) चॅनल नेहमीप्रमाणे वेगळेच राहील.

थ्रॉटलची ओळ मात्र 100 वजनाची ठेवू नये. पूर्ण थ्रॉटलवर अधिक 100 मध्ये आणखी 20 मिळवायला जागाच नसते. वाढणारी मोटर आहे तिथेच राहते, फक्त दुसरी कमी होते, यॉ निम्मा मिळतो आणि एकूण थ्रस्ट घटल्याने नेमक्या चढाईच्या वेळी विमान खचते. थ्रॉटलला 85 वजन आणि वजा 15 ऑफसेट दिला तर खालचे टोक वजा 100 वरच राहते आणि वरचे अधिक 70 वर थांबते. त्यावर 20 मिळवले तरी 90 होतात. पूर्ण थ्रॉटलचा थोडा भाग अशा रीतीने वळणासाठी राखून ठेवावा लागतो, आणि ज्यांना हे जिवावर येते त्यांनी अधिक जोराची मोटर घ्यावी, राखीव जागा कमी करू नये.

वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमावर उपाय म्हणून रडरची ओळ थेट न देता आधी एका मोकळ्या चॅनलमध्ये रडर घेऊन त्याला थ्रॉटलवर चालणाऱ्या वक्राने गुणावे आणि ते चॅनल दोन्ही मोटरींत मिसळावे. वक्र असा असावा की थ्रॉटल निम्मा होईपर्यंत रडर पूर्ण जाईल आणि 80 टक्क्यांवर तो सुमारे 62 टक्के राहील. मग दोन्ही ठिकाणी 156 ग्रॅमच्या आसपासच फरक येतो. हे थोडे किचकट आहे. पहिली दहा उड्डाणे त्याशिवाय झाली तरी चालतील.

सर्वांत महत्त्वाची मांडणी सुरक्षेची आहे. थ्रॉटल वजा 100 वर असताना रडर हलवला तर एका मोटरीचे चॅनल वजा 80 होते आणि ती मोटर फिरू लागते. थ्रॉटल पूर्ण खाली आहे, म्हणजे विमान सुरक्षित आहे, ही एका मोटरीच्या विमानाने लावलेली सवय इथे घात करते. माझ्या डाव्या तर्जनीवरचा आडवा व्रण याच सवयीचा आहे: टेबलावरील विमान उचलताना ट्रान्समिटर शर्टाच्या कडेला घासला, रडरची स्टिक डावीकडे गेली आणि उजवा प्रोपेलर फिरला. त्यानंतर मी दोन कुलपे लावतो. थ्रॉटलची स्टिक वजा 95 च्या वर असेल तरच रडरची ओळ चालू होईल असा लॉजिकल स्विच पहिले, आणि एका वेगळ्या खटक्याने दोन्ही मोटर चॅनल थेट वजा 100 वर धरून ठेवणारा ओव्हरराइड दुसरे. पहिल्या कुलपामुळे तरंगत उतरताना मोटरींचा यॉ मिळत नाही हे खरे, पण तिथे रडर आहेच.

फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे विमानातच बसवलेला छोटा नियंत्रक संगणक, वापरणाऱ्यांचे काम सोपे आहे. आर्डूपायलट या फर्मवेअरच्या विमानासाठीच्या आवृत्तीत एका आउटपुटला 73 क्रमांकाचे कार्य दिले की ती डाव्या मोटरीची वाट होते आणि 74 दिले की उजव्या मोटरीची. रडरकडून किती फरक घ्यायचा हे ‘रड डीटी गेन’ या पॅरामीटरने ठरते; तो 0 ते 100 असतो आणि मुळात 10 वर येतो. आयनॅव्ह या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये मोटर मिक्सरच्या यॉच्या रकान्यात एका मोटरीला धन आणि दुसरीला ऋण मूल्य द्यावे लागते. जायरो, म्हणजे विमानाचे फिरणे ओळखणारा संवेदक, असला की वाऱ्याच्या झोताला विमान स्वतःच उत्तर देते. मात्र चिन्ह चुकले तर ते चुकीचे उत्तरही तेवढ्याच तत्परतेने देते.

जमिनीवरची परीक्षा

प्रोपेलर काढून ठेवावेत, मोटरींच्या घंटीवर (फिरणाऱ्या बाहेरच्या डब्यावर) पांढऱ्या टेपचा तुकडा लावावा आणि थ्रॉटल पाव भाग वर नेऊन रडरची स्टिक उजवीकडे न्यावी. डाव्या मोटरीचा सूर चढला पाहिजे, उजवीचा उतरला पाहिजे. स्टिक उजवीकडे, जोर डावीकडे: हे वाक्य मी दर वेळी मोठ्याने म्हणतो, कारण समोरून विमानाकडे पाहणाऱ्याचे डावे-उजवे उलटे होते आणि तिथेच चूक होते. नेहमी विमानाच्या मागे उभे राहून तपासावे. फ्लाइट कंट्रोलर असल्यास विमान हातात धरून नाक झटकन डावीकडे फिरवावे. त्याने ते परत उजवीकडे आणण्यासाठी डाव्या मोटरीचा वेग वाढवला पाहिजे.

मग प्रोपेलर लावून धावण्याची परीक्षा. भाताची कापणी झाल्यावर नोव्हेंबरपासून मोकळी होणारी शेते यासाठी मोहक दिसतात, पण धसकटात चाके अडकून विमान कोणत्या कारणाने वळले तेच कळत नाही. सिमेंटचे खळे किंवा मुरूम दाबलेले मैदान बघावे. शेपटीचे चाक मोकळे ठेवून, रडरचा सर्व्हो तात्पुरता सोडवून, केवळ मोटरींच्या फरकावर विमानाने इंग्रजी आठाचा आकडा काढावा. तो आकडा दोन्ही बाजूंना सारखा येईपर्यंत उड्डाणाची घाई करू नये. एका बाजूचे वर्तूळ लहान येत असेल तर पुन्हा वजनकाट्याकडे जावे. ट्रिमने, म्हणजे स्टिकचा मध्य थोडा सरकवून, झाकण्याचा प्रयत्न करू नये.

उड्डाण

जागेची निवड नियमांपासून सुरू होते. ड्रोन नियम 2021 नुसार शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली 25 किलोपर्यंतची विमाने मॉडेल या वर्गात येतात, पण हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यांनाही आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा विभाग (परवानगीशिवाय उडवता येणारा) 200 फुटांपर्यंतच असतो, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत, आणि 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. बेळगावचा सांबरा विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे, आणि शहरात लष्करी आस्थापनाही आहेत. त्यामुळे पश्चिमेकडील गावांचा विचार करावा आणि तरीही डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

पहिले उड्डाण मिक्स बंद ठेवून, केवळ रडर आणि एलेरॉनवर (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या कडेच्या पट्ट्यांवर) करावे आणि विमान सरळ ट्रिम करावे. नंतर सुरक्षित उंचीवर, निम्म्या थ्रॉटलवर, खटक्याने मिक्स चालू करून स्टिक हळूच हलवावी. मिक्सचे वजन एका खटक्याच्या तीन स्थितींवर 0, 10 आणि 20 असे ठेवले तर फरक लगेच जाणवतो. एलेरॉन न हलवता नुसता यॉ दिला, तर पंखांना वर कोन असल्याने विमान एका क्षणाने त्याच अंगाला कलू लागते. हे अपेक्षित आहे. पण नाक वळते आणि मग पलीकडे जाऊन परत येते, असा झोका सुरू झाला तर वजन कमी करावे.

वेगात उडताना काटा जे सांगत नाही ते दिसते. 4.5 इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पुढे जाण्याचे अंतर) प्रोपेलर मिनिटाला 4000 फेऱ्यांवर फार तर सेकंदाला 7.6 मीटर वेगाने पुढे जाऊ पाहतो. विमान सेकंदाला 12 मीटरने जात असेल तर तो प्रोपेलर ओढत नाही, उलट अडवतो. म्हणजे मंद केलेली मोटर त्या बाजूला ब्रेकसारखी वागते आणि यॉ काट्यावरच्या हिशेबापेक्षा जास्त मिळतो. सपाट, वेगवान उड्डाणात थ्रॉटल अचानक कमी करून त्याच वेळी पूर्ण रडर देऊ नये, ते याचमुळे.

प्रतिसादाचा वेळ हा विद्युत मोटरींचा मोठा गुण आहे. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या 232 क्रमांकाच्या डीसी-10 विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तेव्हा कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी पंखांखालील दोन इंजिनांचा थ्रस्ट कमी-जास्त करत ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील 296 जणांपैकी 184 वाचले. जेट इंजिनांना जोर धरायला काही सेकंद लागत असल्याने त्यांना प्रत्येक हालचाल आधीच ओळखून करावी लागत होती. पुढे नासाने हेच काम संगणकावर सोपवले आणि 1995 मध्ये एमडी-11 विमान केवळ इंजिनांच्या नियंत्रणावर उतरवून दाखवले. आपल्या दहा इंची प्रोपेलरला वेग बदलायला सेकंदाचा लहानसा अंशच लागतो. फक्त ईएससीमध्ये सक्रिय मंदनाची सोय नसेल तर प्रोपेलर वेग पकडतो पटकन आणि सोडतो सावकाश, त्यामुळे वळण सुरू होते चटकन, पण थांबताना रेंगाळते. सेटिंगमध्ये ती सोय असल्यास चालू करावी.

एक मोटर बंद पडली तर

दोन मोटरींच्या विमानाचा हा जुना शाप आहे आणि मिक्समुळे तो सुटत नाही, सौम्य मात्र होतो. डावी मोटर गेली की नाक डावीकडे ओढले जाते. वैमानिक सहज उजवा रडर देतो, मिक्स मेलेल्या डाव्या मोटरीला व्यर्थच जोर लावते, पण त्याच वेळी उजवी मोटर थोडी मंद करते आणि तेवढा ओढा कमी होतो. तरीही हळू वेगात, पूर्ण थ्रॉटलवर चढत असताना हे घडले तर विमान काही क्षणांत एका पंखावर कोसळते. अशा वेळी हात आधी थ्रॉटलकडे गेला पाहिजे, रडरकडे नाही. थ्रॉटल पूर्ण बंद करावा, नाक खाली घ्यावे, वेग येऊ द्यावा आणि मग रडरने समोरच्या मोकळ्या जागेकडे तरंगत उतरावे; मागे फिरून धावपट्टी गाठण्याचा प्रयत्न करू नये. निपाणी-चिकोडीकडे समोर बहुधा उभा ऊस असतो. विमानाला तो मऊ लागतो, शोधणाऱ्याला नाही, म्हणून रिसीव्हरला एक छोटा बझर जोडून ठेवावा. विमान हाती लागल्यावर मोटरीकडे संशयाने पाहण्याआधी, मोटर आणि ईएससी यांमधील सोनेरी बुलेट कनेक्टर बोटांनी ओढून बघावेत. लांबवलेल्या तारांचे विमान असेल तर निम्म्या वेळा त्यांतलाच एखादा सैल होऊन हातात येतो.